क्वेबेकला जाताय? मुक्काम लेव्हीला करा, नदी फेरीबोटीने ओलांडा

क्वेबेक शहरात लाँग वीकेंड घालवायचा असेल तर हॉटेल शोधायच्या आधी नदीचा पलीकडचा काठ बघून ठेवा. परत आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगते आहे. पलीकडे लेव्ही नावाचं गाव आहे. तिथे खोली घ्यायची आणि रोज फेरीबोटीने सेंट लॉरेन्स ओलांडून जुन्या शहरात जायचं. मुलं कॅनडात आणि आईवडील गोव्यात अशी घरं आता आपल्याकडे वाड्यावाड्यावर आहेत. मे महिन्यात मॉन्ट्रियल नाहीतर टोरोंटो गाठायचं, नातवंडांबरोबर राहायचं आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी घरी परतायचं, हा आपला ठरलेला क्रम. त्या मुक्कामात कुठेतरी जोडून सुट्टी येते आणि मुलगा विचारतो, "आई, कुठे जाऊया?" त्या आईसाठी हे लिहिते आहे.

मी बेतीची, पणजीसमोर मांडवी नदीच्या पलीकडच्या काठावरची. शाळा, कॉलेज आणि पुढे बँकेतली सगळी नोकरी पणजीत झाली, त्यामुळे मांडवीच्या फेरीबोटीचा धक्का म्हणजे माझं दुसरं अंगणच. क्वेबेकची फेरी मी त्या नजरेने पाहिली आणि मला ती मनापासून आवडली.

बोट बारा मिनिटांच्या आसपास नदी पार करते. नदी इथे चिंचोळी होते, साधारण एक किलोमीटर. दिवसा जवळपास दर अर्ध्या तासाला बोट असते, रात्री उशिरापर्यंत चालते आणि वर्षाचे बाराही महिने चालते. थंडीत नदीवर बर्फाचे तुकडे वाहत असतात, ते फोडत जाते. चालत जाणाऱ्याला एका खेपेचे चारेक डॉलर पडतात. बेतीच्या फेरीत चालत जाणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही, त्यामुळे आपल्याला ते थोडं टोचतं. पण त्याच पाण्यातल्या टुरिस्ट बोटी जे पैसे घेतात ते विचारून बघा, मग हे तिकीट स्वस्त वाटेल. खाली मोटारी, वर माणसं बसायला खिडक्यांचं मोठं दालन आणि बाहेर उघडा डेक. सरकारी बोट आहे, शोभेचं काही नाही. ऑफिसला जाणारे, सायकलवाले, कुत्रा घेऊन निघालेली म्हातारी बाई, असे रोजचेच लोक असतात.

लेव्हीहून सुटताना बाहेर पुढच्या बाजूला उभं राहा. समोर सरळ उभा कडा, त्याच्या माथ्यावर शातो फ्रोंतनाक, तांब्याची हिरवी पडलेली छपरं. १८९३ साली रेल्वे कंपनीने बांधलेलं हे हॉटेल शहराच्या प्रत्येक फोटोत असतं. कड्याच्या पायथ्याशी जुनी दगडी घरं, डावीकडे वर किल्ल्याचा तट, उजवीकडे बंदर आणि धान्याच्या कोठारांचे उंच गोल बुरूज. ओहोटी जोरात असली की बोट सरळ जात नाही. कप्तान तिचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो आणि ती तिरकी सरकत धक्क्याला लागते. बेतीच्या फेरीवाल्यांना मी लहानपणापासून हेच करताना पाहिलं आहे, फक्त इथलं पाणी फार मोठं. समुद्र इतका दूर असूनही भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. सकाळी धक्क्यावरून बोटीत जाताना उतार होता, दुपारी त्याच जागी जवळजवळ सपाट झालं होतं.

या शहराचा इतिहास पुस्तकातून वाचण्यापेक्षा बोटीतून लवकर कळतो. साम्युएल द शाँप्लँने १६०८ मध्ये इथे वस्ती केली ती याच चिंचोळ्या पाण्यासाठी. वरच्या कड्यावर तोफा ठेवल्या की खालून जाणारं प्रत्येक जहाज माऱ्यात येतं. आपले आग्वाद आणि रेईश मागूशचे किल्ले पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण १७५९ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी उलटं केलं. त्यांनी तोफा लेव्हीच्या बाजूला चढवल्या आणि तिथून नदीवरून पलीकडच्या शहरावर मारा केला, तोही जवळजवळ दोन महिने. खालच्या शहरातलं नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार हे चर्च त्यात उद्ध्वस्त झालं, पुढे पुन्हा उभारलं. १३ सप्टेंबरला इंग्रज सैन्य रात्रीतून कडा चढून वर आलं, अब्राहमच्या माळावर तासाभराच्या आत लढाई संपली, आणि इंग्रज सेनापती वुल्फ व फ्रेंच सेनापती मोंकाम दोघेही त्या जखमांनी गेले. राज्य इंग्रजांचं झालं तरी भाषा फ्रेंचच राहिली. लेव्हीच्या धक्क्यावरून समोर बघताना आपण तोफा होत्या त्या बाजूला उभे आहोत हे लक्षात आलं की ते सुंदर दृश्य वेगळं दिसायला लागतं. वरच्या हॉटेलात उतरलेल्याला हे मिळत नाही.

आता तारखांचं. आपल्या लोकांनी सप्टेंबरचा लेबर डे विसरावा, तो बहुतेक वेळा चवथीच्या तोंडावर येतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी तिकडचा थँक्सगिव्हिंग असतो, झाडं लाल-पिवळी होतात. चवथ करून निघणाऱ्यांना तो चांगला. आम्ही २४ जूनला जोडून गेलो, त्या वर्षी तो सोमवार होता. २४ जून म्हणजे आपला सांजाव! सेंट जॉन बाप्तिस्ताचा तोच सण क्वेबेकचा राष्ट्रीय दिवस आहे, अख्ख्या प्रांताला सुट्टी. इकडे शिवोलीला होड्या सजतात, पोरं डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात; तिकडे २३ च्या संध्याकाळी अब्राहमच्या माळावर मोठा गाण्यांचा कार्यक्रम होतो. निळ्या झेंड्यावर पांढरा क्रूस आणि चार कोपऱ्यांत लिलीची चार फुलं, तो झेंडा अंगाखांद्यावर गुंडाळून लहानथोर चाललेले असतात. लढाई हरल्याच्या माळावर इतकी माणसं आपल्या भाषेतली गाणी एकत्र म्हणतात, हे ऐकताना अंगावर काटा आला. गोव्यात भाषेसाठी काय काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे आपल्या माणसाला ते आतून कळतं. कार्यक्रम संपल्यावर गर्दी एकदम उतरते, तेव्हा शेवटच्या बोटीची वेळ आधी पाहून ठेवा.

मॉन्ट्रियलहून आगगाडीने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. गाडी थेट गार द्यु पॅले या जुन्या स्टेशनात येते, तिथून फेरीचा धक्का चालण्यासारखा आहे. बॅगा असतील तर टॅक्सी करा, अंतर फार नाही.

जुनं शहर दोन मजल्यांचं आहे असं समजा, खालचं आणि वरचं. खालच्या शहरात प्लास रॉयाल आणि पेती शाँप्लँची गल्ली. पणजीच्या फोंतेन्हास वाड्यात सकाळी दहानंतर जे होतं तेच इथेही होतं, म्हणजे फोटो काढणाऱ्यांमुळे पाऊल ठेवायला जागा राहत नाही. लेव्हीत राहिल्याचा दुसरा फायदा इथे होतो: सकाळची पहिली चहा-कॉफी घेऊन बोट पकडली की आठ वाजता गल्ली तुमची एकटीची. खालून वर जायला फ्युनिक्युलर आहे, १८७९ पासून चालू. गुडघे दुखणाऱ्यांनी वर जाताना ते घ्यावं, पैसे वाचवू नयेत. खाली उतरायला जिना आणि उताराचा रस्ता आहे, तो निवांत उतरता येतो. वर गेलात की शातोसमोरच्या लाकडी फळ्यांच्या लांबलचक गच्चीवर बसायला बाकं आहेत. तटबंदी साडेचार किलोमीटरहून थोडी जास्त आहे आणि तिच्यावरून चालता येतं. मेक्सिकोच्या उत्तरेला असा तट शाबूत असलेलं हे एकच शहर, म्हणून १९८५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. आपल्या जुन्या गोव्याच्या चर्चना तो मान पुढच्याच वर्षी मिळाला. किल्ल्यावर उन्हाळ्यात सकाळी पहारा बदलतो. बावीसाव्या रेजिमेंटचा मानाचा बोकड सजून येतो, नातवंडं बरोबर असतील तर चुकवू नका. शातोत खोली घ्यायचा हट्ट मात्र सोडा. आतून फिरून यायला कोणी हरकत घेत नाही.

खाण्याबद्दल स्पष्ट लिहिते. आमचे हे सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. खालच्या शहरातल्या एका हॉटेलात पुतीन मागवलं, म्हणजे तळलेले बटाटे, त्यावर चीजचे ताजे गोळे आणि वरून गरम ग्रेव्ही. मांस नाही ना, असं विचारून घेतलं. वेटरने नाही म्हणून सांगितलं. एका घासात ह्यांनी ताट बाजूला सारलं, कारण ग्रेव्ही मांसाच्या रसाची होती. तुकडे नाहीत म्हणजे मांस नाही, असा तिथला हिशेब. म्हणून ग्रेव्ही कशाची केली आहे, हेच विचारा; बऱ्याच ठिकाणी मशरूमची वेगळी मिळते. दातांखाली कचकच वाजणारं ते ताजं चीज मात्र मला फार आवडलं. बेकऱ्या उत्तम आहेत. मेपलच्या पाकाची बाटली घ्यायची तर पर्यटकांच्या गल्लीत न घेता साध्या किराणा दुकानातून घ्या, माल तोच असतो. बोलायची सुरुवात 'बोंजूर'ने करा, पुढे इंग्रजी चालतं. न करता थेट इंग्रजी सुरू केलं तर चेहरे बदलतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझाही बदलला असता.

लेव्हीतली एक जागा माझ्या बँकेतल्या मैत्रिणींसाठी सांगते. कडा चढून वर गेलं की आल्फोंस देजार्दँ यांचं घर आहे. फेरीच्या एका बोटीला त्यांचंच नाव दिलं आहे. या माणसाने ६ डिसेंबर १९०० रोजी लेव्हीत लोकांची पतसंस्था काढली, कारण गरिबाला बँका दारात उभं करत नव्हत्या आणि सावकाराचं व्याज परवडत नव्हतं. हा माणूस नोकरीसाठी ओटावाला असायचा, तेव्हा घरात बसून वह्या सांभाळायची ती बायको, दोरिमेन. लोक नाणी घेऊन घरीच यायचे, पहिल्याच दिवशीची एक ठेव तर दहा सेंटची होती. त्यातून आजचा देजार्दँ बँकसमूह उभा राहिला. पिग्मी ठेवी गोळा करणाऱ्या आमच्या पिढीला या घरात बघण्यासारखं खूप आहे. पर्यटक इकडे फिरकतही नाहीत.

वेळ उरला तर बहुतेक जण माँमोरँसीचा धबधबा बघतात. ८३ मीटर, नायगाऱ्यापेक्षा उंच, चांगला आहे. पण दुधसागर पाहिलेल्यांनी तो वेळ मी सांगते तिकडे द्यावा. नदीकाठाने पश्चिमेला गेलं की क्वेबेकचा लोखंडी पूल लागतो. २९ ऑगस्ट १९०७ ला तो बांधता बांधता कोसळला आणि ७५ कामगार गेले. त्यातले ३३ एकाच मोहॉक वस्तीतले, कानावागेचे. मधलं अंतर वाढवलं होतं, पण सांगाड्याचं वजन नव्याने नीट मोजलंच नव्हतं; लोखंड वाकताना जागेवरच्या माणसांना दिसत होतं, काम थांबवायचा निरोप वेळेत पोचला नाही. पुन्हा बांधायला घेतला, १९१६ ला मधला भाग वर चढवताना नदीत पडला आणि आणखी १३ माणसं गेली. १९१७ मध्ये एकदाचा पुरा झाला. ५४९ मीटरचा मधला गाळा, कँटिलिव्हर, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुढे काढलेल्या हातांवर पेललेल्या पुलांत आजही जगात सगळ्यात लांब.

मी तिथे बराच वेळ उभी होते. ५ जुलै १९८६ ला आमचा मांडवीचा पूल पडला, तेव्हा भर पावसात बेतीच्या धक्क्यावर लागलेल्या रांगा मला आठवतात. छत्र्या उलट्या होत होत्या, फायली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, पुढच्या बोटीत जागा मिळेल की नाही याची खात्री नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं अख्खा बार्देश तालुका फेरीबोटींनीच पणजीला पोचवला. फेरीवाल्यांचे आभार मानलेले मला आठवत नाहीत. नवा पूल झाला आणि आम्ही सगळे बसने जायला लागलो.

क्वेबेकमध्ये पूल होऊन शंभरावर वर्षं झाली, त्याच्या शेजारी दुसराही झाला, तरी त्यांनी फेरी नीट जपली आहे. वेळापत्रक पाळतात, धक्क्यावर बसायला बंद, गरम जागा आहे, चाकाची खुर्ची सरळ आत जाते. पाचपैकी पाच देते.

जाणार असाल तर जूनच्या मुक्कामासाठी लेव्हीतली खोली मार्चमध्येच बघायला लागा, सेंट जॉनच्या आठवड्यात दोन्ही काठ भरतात. परतीची गाडी सोमवारी संध्याकाळची घ्या, म्हणजे सकाळची एक खेप जास्त मिळते. आणि जून असला तरी डेकवर वारा बोचतो, स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका.