रेडिओ चांगला, पण स्क्वेल्च मेनूत कशाला लपवलाय?

हा व्हीएचएफ रेडिओ सेट विमानाच्या पॅनलमध्ये बसवून बरेच महिने झाले. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थेट तक्रारीवर येतो. स्क्वेल्चला, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबून टाकणाऱ्या सोयीला, वेगळा नॉबच नाही! मेनू उघडा, त्यात आत शिरा, मग कुठे तो सापडतो. एका हातात स्टिक असताना हे उद्योग कोण करणार?

क्षुल्लक वाटेल, पण इंजिनामुळे रेडिओत येणारी खरखर यामुळेच इतके दिवस लपून राहिली. गोंगाट वाढला की ऑटो स्क्वेल्च आपली पातळीही वर नेतो. हेडसेटमध्ये छान शांतता, आणि लांबच्या स्टेशनचा क्षीण आवाजही त्या शांततेत गडप. रेंज कमी पडतेय असं सर्व्हिसवाल्यांना कळवलं, तर विमान न बघताच सल्ला आला: पॉवर लाइनला फिल्टर लावा, नाहीतर अख्खा इग्निशन हार्नेस (स्पार्क प्लगपर्यंत जाणाऱ्या वायरींचा संच) बदला. कोटेशन तत्काळ, निदान शून्य. मी खिशात हात घातला नाही.

जमिनीवर इंजिन चालू ठेवून स्क्वेल्च पूर्ण उघडला, म्हणजे काहीच दाबलं जाणार नाही असं केलं. टकटक टकटक, आरपीएम वाढवला की तीही वाढते. अल्टरनेटर बंद केला, काही फरक नाही. फक्त उजव्या मॅग्नेटोवर (मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) आणलं की आवाज गायब, डाव्यावर पुन्हा हजर. मग सेटमागची अँटेनाची पिन काढली (अशा वेळी चुकूनही ट्रान्समिट करू नका) आणि टकटक जवळपास संपली. म्हणजे गोंगाट अँटेनातून शिरतोय, पॉवर लाइनमधून नाही. तो फिल्टर घेतला असता तर पैसे पाण्यातच गेले असते. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा हा बँड एएम आहे, म्हणजे आवाज लहरीच्या कमी-जास्त उंचीतून येतो, त्यामुळे ठिणगीचा प्रत्येक धक्का थेट कानात येतो.

प्लगही तपासून घेतले. आतला रोध ५,००० ओहमच्या वर गेलेला एकही नव्हता. दोष निघाला डाव्या पी-लीडमध्ये, म्हणजे मॅग्नेटोपासून स्विचपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये. मेकॅनिकने मॅग्नेटोकडच्या टोकाचं रबरी आवरण मागे सरकवलं, तर शील्डची, म्हणजे गोंगाट आत अडवणाऱ्या आवरणाची, जाळी काळी पडून तुटलेली, दोन-चार तारा कशाबशा लोंबकळत होत्या. शील्डचं ग्राउंडिंगच गेलं होतं, त्यामुळे ती वायर आतल्या आत अँटेनाच झाली होती. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. पी-लीड सुटली की स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि प्रोपेलर हाताने हलला तरी इंजिन पेटू शकतं. आमच्या मेकॅनिकने आधी सगळ्या प्लगच्या लीड काढल्या, मगच पी-लीडला हात लावला.

नवीन टोक बसवल्यावर टकटक बंद झाली आणि लांबची स्टेशनं स्वच्छ ऐकू येऊ लागली. दोन तारे देणार होतो, आता चार देतो. रिसीव्हर खरंच उत्तम आहे. पाचवा तारा स्क्वेल्चचा नॉब येईपर्यंत मिळणार नाही.