पाळी गेल्यानंतरचा पॉलिप: ओपीडीत दुर्बिणीने काढून घेण्याची सेवा कशी आहे?

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर डागभर रक्त दिसलं तरी तपासणी हवीच. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड दिसलं किंवा पॉलिपची, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या मऊ गाठीची, शंका आली, की हिस्टेरोस्कोपी (दुर्बीण घालून गर्भाशय आतून पाहणं) सुचवली जाते. हल्ली ती भूल न देता ओपीडीतही होते. या सेवेला आमची पसंती आहे, फक्त पॉलिप बुडासकट निघायला हवा.

नुसतं क्युरेटिंग म्हणजे अंदाजाने खरवडणं. पॉलिप मऊ आणि हलता असतो, क्युरेट त्याच्या कडेने निसटतं आणि देठ आतच राहतो. रक्तस्राव पुन्हा सुरू होतो तो त्यामुळे. दुर्बीण साधारण ३ ते ५ मिमी जाडीची असते. सलाइनने पोकळी फुगवून देठ समोर दिसत असताना कात्रीने किंवा बायपोलरने (विजेवर चालणाऱ्या उपकरणाने) कापतात. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) न लावता दुर्बीण सरकवणारे डॉक्टर मिळाले तर त्रास कमी होतो. वेदनाशामक गोळी तासभर आधी घ्यावी, अर्थात ती चालत असेल तर.

अडतं ते बहुधा गर्भाशयाच्या तोंडाशी. या वयात ते आकसलेलं असतं आणि जोर लावला तर पिशवीला छिद्र पडू शकतं. मोठा पॉलिप कापला जातो, पण बाहेर येत नाही. अशा वेळी मॉर्सेलेटर (तुकडे करून बाहेर ओढणारं उपकरण) किंवा भूल देऊन ऑपरेशन थिएटर बरं. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या सलाइनचा हिशेब कोण ठेवतं, हे जरूर विचारा. फरक निरोगी बाईत २५०० मिली, वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या बाईत १५०० मिलीपर्यंत गेला की थांबायचं असतं.

बऱ्याच ठिकाणी कमी पडतं ते कारणांबद्दलचं बोलणं. एकच ठाम कारण सांगता येत नाही, पण इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा हात स्पष्ट आहे. बीजकोश थंडावले तरी चरबीत अरोमाटेज या एन्झाइममुळे इस्ट्रोजेन बनत राहतं, म्हणून लठ्ठपणा महत्त्वाचा. उच्च रक्तदाब आणि हार्मोन थेरपीचाही संबंध दिसतो. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तराला मात्र चेतवतं. ते स्वतःहून बंद करू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला.

काढलेला पॉलिप पूर्ण बायॉप्सीला गेलाच पाहिजे. बहुतेक साधे निघतात, पण पाळी गेल्यानंतर रक्तस्राव असेल तर कर्करोगाची शक्यता वाढते. रिपोर्टमध्ये एटिपिया (पेशींची असामान्य रचना) आला तर उरलेल्या अस्तराचा नमुनाही तपासावा लागतो.