गावाला आधी काय हवं: ओपन जिम की मैदान?

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात खेळासाठी एकच काम बसणार असेल, तर ग्रामसभेत दोन नावं निघतात. ओपन जिम ठेकेदार झटपट उभी करून देतो आणि फीत कापायलाही ती बरी दिसते. मैदानाचं तसं नाही. जागा, माती, पाण्याचा निचरा, सगळंच बघावं लागतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने 1 जुलै 2025 रोजी मंजूर केलेल्या ‘खेलो भारत नीती’त पदकांच्या बरोबरीने ‘खेळ ही लोकचळवळ’ हाही एक आधारस्तंभ आहे. गावातली किती माणसं आठवड्यातले पाच दिवस अंग हलवतील, या हिशेबाने आमचा कौल मैदानाला. अट एकच: मैदानाच्या कडेने चालायची वाट हवी.

आठ यंत्रांच्या जिमवर एका वेळी फार तर दहा-बारा जण मावतात. मैदानावर कबड्डीचे 14, खो-खोचे 18 आणि कडेने चालणारे कितीही. प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 200 मीटरच्या वाटेवर ताशी पाच किलोमीटर वेगाने अर्धा तास चाललं की साडेबारा फेऱ्या होतात. असे पाच दिवस म्हणजे 150 मिनिटं पूर्ण. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. शेतात राबणंही या हिशेबात धरलं जातं. म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत बायाबापड्यांना ‘फेऱ्या मारा’ म्हणणं फुकटचं आहे. खरी गरज दुकानदार, शिक्षक, मोटारसायकलवरून न उतरणारी पोरं आणि निवृत्त मंडळींना.

जागा किती लागते? 50 मीटरच्या दोन सरळ बाजू आणि टोकांना साधारण 16 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं घेतली की 200 मीटर होतात. दोन पट्ट्या आणि थोडी मोकळीक धरून 90 बाय 40 मीटर, म्हणजे सुमारे 36 गुंठे. खो-खोचं 27 बाय 16 मीटरचं आणि पुरुष कबड्डीचं 13 बाय 10 मीटरचं अंगण आतल्या भागात आरामात बसतं. ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर करायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी, मुरूम नंतर. उलट क्रमाने केलं की काम अर्ध्यावर थांबतं.

आता माती. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात एखाद्या भेगेत काठी घालून बघा, म्हणजे जिमचे खांब का कलतात ते कळेल. फूट-दीड फूट खड्ड्यात काँक्रीट ओतून यंत्र उभं केलं की दोन पावसाळ्यांत ते डुलायला लागतं. खड्डा किमान एक मीटर खोल घ्या, काळी माती बाहेर काढून टाका, भोवती मुरूम ठोकून भरा.

मैदानालाही हाच रोग. वरची 30 ते 45 सेंटीमीटर काळी माती काढायची, मुरूम 15 सेंटीमीटरच्या थरांनी टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. ओल बरोबर आहे का, हे मुठीत कळतं: मुरूम आवळला तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. कोरड्या मुरमावर नुसता रोलर फिरवला तर पहिल्याच पावसात खड्डे पडतात. मधून बाहेर दर 100 मीटरला एक मीटर उतार आणि भोवती चर ठेवा. कबड्डीच्या अंगणात मात्र मुरूम नको, गुडघे सोलतात. तेवढा भाग फूटभर खोदून चाळलेली माती-वाळू भरा.

मग जिमला काहीच अर्थ नाही का? आहे, पण कमी यंत्रांत. स्नायूंना आठवड्यातून दोन दिवस जोर लागायला हवा, तो पुल-अप बार आणि डबल बारवर मिळतो. या दोन्हींत बेअरिंग नाही, मोडायला काही नाही. एअर वॉकरला, म्हणजे उभं राहून पाय मागेपुढे झुलवायच्या यंत्राला, मात्र पोरं झोक्यासारखी लटकतात, वेल्डिंग सुटतं आणि सुटे भाग मागवायला कुणी नसतं. 45 अंशांच्या उन्हात लोखंडी दांडा दुपारी हातात धरवत नाही, म्हणून बार कडुनिंबाखाली रोवा.

हाती पैसाच नसेल तर तिसरी वाट: जिल्हा परिषद शाळेचं मैदान. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि कुलपाची दुसरी किल्ली, एवढ्यावर संध्याकाळचे दोन तास मिळतात. बाया अंधारात येत नाहीत, म्हणून दोन दिवे आणि शौचालयाचं कुलूप उघडं, हे ठरावातच लिहून घ्या.

इनामाच्या कबड्डी स्पर्धा छान रंगतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हापासूनचा अभिमान आहे तो. पण चौदा खेळतात आणि चारशे बसून बघतात. आरोग्याचा खर्च म्हणून या स्पर्धा धरू नका.

मैदान झालं की एक गोष्ट मुलांच्या शिक्षकांना सांगून ठेवा. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. तो असलेल्या मुलाला दम लागेपर्यंत पळवायचं नाही, मध्ये मध्ये पाणी प्यायला लावायचं, तो थांबतो म्हणाला की थांबू द्यायचं. ‘आळशी आहे’ म्हणून शिक्षेची फेरी तर अजिबात नको.