भंडारदऱ्याचा तंबू, पवनेचा फोटो आणि ९,९०० रुपये

काजवे बघायला भंडारदऱ्याला तंबूत राहायचं म्हणून एका ट्रेकिंग पेजवर बुकिंग केलं, ते बनावट निघालं आणि आम्हा सहा जणांचे मिळून ९,९०० रुपये गेले. आधी आगाऊ म्हणून ५,४००, म्हणजे माणशी १,८०० चे निम्मे. मग ‘वनखात्याचं परमिट’ माणशी २५० प्रमाणे १,५००. आणि निघायच्या आदल्या रात्री ‘परत मिळणारं डिपॉझिट’ ३,०००. कसारा स्टेशनबाहेर पहाटे उभी असणारी जीप नव्हतीच, फोन बंद. पुढचं सांगायला नको, या धंद्याची रीत आता सगळ्यांना पाठ आहे.

‘एवढी शिकलेली माणसं कशी फसलात’ हे ऐकून कान किटलेत, म्हणून आधी तेच. मेअखेर ते जूनचा मध्य हा काजव्यांचा मोसम. तेव्हा भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाच्या बाजूला शनिवारचा तंबू खरे तंबूवालेसुद्धा आगाऊ पैशांशिवाय धरून ठेवत नाहीत. दर बाजारातलाच होता. पाचशेत देतो म्हणाला असता तर शंका आली असती. चोराने तेवढा अभ्यास केला होता.

पण तो फोटो! आठवला की अजून डोकं फिरतं. तंबूंमागे पाणी, पाण्यापलीकडे त्रिकोणी डोंगर. तो तिकोना किल्ला, पवना धरणाच्या काठचा. भंडारदऱ्याला दिसतो तो रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा सुळका. तिकोना चढलेली मंडळी आमच्यात होती, आणि एकाचीही ट्यूब पेटली नाही. व्हॉट्सअॅपवरच्या बोटभर फोटोत गड कोण ओळखत बसतं, हे मान्य. पाणी तरी बघायचं! काठोकाठ भरलेला जलाशय, हिरवेगार उतार. मेअखेरीस भंडारदऱ्याचं पाणी खूप खाली गेलेलं असतं, कडेला भेगाळलेला गाळ उघडा पडतो. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ पासून शेतीला पाणी देतंय, उन्हाळ्यात आवर्तनं सुटणारच. मे महिन्याच्या बुकिंगला भरलेल्या तळ्याचा फोटो म्हणजे एकतर जुना नाहीतर उचललेला. ‘आत्ता काठावरून व्हिडिओ कॉल कर’ एवढंच म्हणायचं. रेंज नाही म्हणाला तर रेंज येईल तेव्हा कर.

क्यूआर स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. पेज ट्रेकिंग ग्रुपचं, खातं मोबाइल कव्हरच्या दुकानाचं. विचारलं तर ‘आमच्या पार्टनरचं आहे’. तिथेच थांबा. आणि परमिट? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची प्रवेश फी नाक्यावर भरून पावती घ्यायची असते, कुणाच्या खासगी खात्यावर नाही.

आता पोलीस. आमच्याकडे मुंबईतल्या ठाण्यात म्हणाले, जीप येणार होती कसाऱ्याला, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे मुंबईतून गेले, तिकडे जा. अर्ज लिहून दिला तर पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. बँकेत वेगळंच कीर्तन: ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो, आम्हीच टाकला, म्हणून तर त्याला फसवणूक म्हणतात, दरोडा नाही! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे बोलून दाखवलं तर ‘वकील आहात का?’ नाही हो, ९,९०० रुपये गेलेला माणूस आहे. नोंदवलंच तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणुकीचं. पैसे गेल्याबरोबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. समोरच्याने काढून घेण्याआधी खात्यातली रक्कम गोठली तरच काही हाती लागतं. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक आधीच लिहून ठेवा, आमचे तीन व्यवहार म्हणजे तीन क्रमांक. चॅट डिलीट करू नका. पेजचे स्क्रीनशॉट लगेच काढा, नाव बदलतात.

खरं तर त्या जीपची गरजच नसते. कसारा लोकलने शेवटपर्यंत जा, बाहेर शेअर जीप मिळते, घोटीला उतरा. घोटीहून एसटीने बारी, म्हणजे कळसूबाईचा पायथा (१,६४६ मीटर, वर लोखंडी शिड्या). बारीत घरगुती जेवण-मुक्काम होतो, पैसे जेवल्यावर. बारीहून शेंडीला दुधाचा पिकअप किंवा टेम्पो हात दाखवला तर थांबतो, पण सकाळी. अंधार पडायला लागला की कुणी थांबत नाही. बसण्याआधी भाडं विचारा, ‘द्या काहीतरी’ म्हणणारा उतरताना तिप्पट मागतो. शेंडीहून रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीची होडी पाणी आणि वारा बघून सुटते, तिच्या भरवशावर परतीची वेळ बांधू नका.

त्या पेजचं नाव आता बदललंय. सध्या जुलैतलं ‘सांधण दरी नाइट कॅम्प’ विकतायत, माणशी १,६००, निम्मे आगाऊ. पावसात त्या घळीतून पाण्याचा लोंढा वाहतो, तिथल्या साम्रद गावचे लोकसुद्धा तेव्हा खाली उतरत नाहीत.