रिको जीआर थ्री: रोजच्या भटकंतीसाठी खिशातला कॅमेरा

आधी आकडे सांगते म्हणजे मुद्दा लगेच कळेल. बॅटरी आणि कार्ड घालून वजन २५७ ग्रॅम, रुंदी ११ सेंटीमीटरच्या आत, जाडी ३३ मिलिमीटर. आणि एवढ्याशा डबीत एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग), म्हणजे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो त्याच मापाचा. रिको जीआर थ्री. २०१९ मध्ये बाजारात आलेला कॅमेरा आहे, २०२५ मध्ये त्याचा पुढचा जीआर फोरही आला, तरी मी अजून हाच वापरतेय आणि प्रवासाला निघताना दुसरा कुठलाही कॅमेरा घ्यावासा वाटत नाही. का ते सविस्तर लिहिते, आणि कुणी घेऊ नये तेही लिहिते.

फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, हा प्रश्न येणारच, आणि तो बरोबरच आहे. २०१० च्या आसपास जगभरात वर्षाला दहा कोटींच्या वर कॉम्पॅक्ट कॅमेरे जायचे, फोनचे कॅमेरे सुधारले आणि तो बाजार जवळजवळ संपला. जे कॉम्पॅक्ट टिकले ते फोनला जमत नाही असं काहीतरी देतात म्हणून टिकले. जीआरच्या बाबतीत ते म्हणजे मोठा सेन्सर, त्याच्यासाठीच बनवलेली लेन्स, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, हातात धरल्यावर त्याचं फक्त एकच काम असतं. फोनवर नकाशा चालू असतो, तिकीट असतं, कुणाचा तरी मेसेज येतो, आणि फोटो काढायला बाहेर काढलेला फोन पाच मिनिटं हातातच राहतो. हा बाहेर काढला, फोटो घेतला, परत खिशात. बटण दाबल्यापासून साधारण ०.८ सेकंदात तयार होतो. प्रवासात हे फार मोठं सुख आहे हो, कारण तुम्ही जागा बघायला गेलेले असता आणि डोळे जागेवरच राहतात.

आता लेन्स. १८.३ मिलिमीटर, एफ २.८ (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, उजेड जास्त), फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या सेन्सरच्या, हिशोबाने २८ मिलिमीटर, म्हणजे बऱ्यापैकी वाइड. झूम नाही. हे ऐकून बरेच जण इथेच थांबतात, पण मी म्हणेन जरा धीर धरा. झूम असला की आपण एका जागी उभं राहून फ्रेम शोधत बसतो. २८ वर चालावं लागतं, पुढे व्हा, बाजूला व्हा, खाली बसा. आणि थोड्या दिवसांनी गंमत अशी होते की कॅमेरा खिशातच असतो पण समोरच्या गल्लीचा केवढा भाग फ्रेममध्ये येणार हे आधीच दिसायला लागतं, चष्म्याची सवय झाली की काच दिसेनाशी होते तसं. मग कॅमेरा फक्त शेवटच्या क्षणी वर येतो. २८ ला माणूस आणि त्याच्या आजूबाजूची जागा दोन्ही येतात, आणि प्रवासाच्या फोटोत मला तेच हवं असतं, नुसता चेहरा नको, तो माणूस कुठे बसलाय, मागच्या भिंतीचा रंग कसा उडालाय, वर वायरी कशा गेल्यात, हे सगळं हवं. अगदीच लागलं तर आत ३५ आणि ५० चा क्रॉप आहे, म्हणजे फोटोचा मधलाच भाग कापून घेतला जातो. मूळ फाइल २४ मेगापिक्सेलची, ३५ ला ती १५ ची होते आणि ५० ला ७ ची. ३५ चा मी बिनधास्त वापरते, ५० चा क्वचित. मॅक्रो मोडमध्ये ६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, त्यामुळे एखादं जुनं कुलूप, दगडावरचं कोरीवकाम, पानावरचा किडा, यासाठी वेगळी लेन्स वगैरे भानगड नाही.

शार्पनेसबद्दल थोडंच लिहिते कारण तो भाग वादातीत आहे. सेन्सरवर लो पास फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करणारी काच) नाही आणि लेन्स एफ २.८ लाच मधोमध कडक शार्प असते. फोनच्या फोटोत पानं किंवा केस जवळून बघितले की सॉफ्टवेअरने ओढूनताणून कोरल्यासारखे दिसतात ना, तसं इथे नाही. मोठी प्रिंट काढली की फरक कुणालाही दिसतो.

स्नॅप फोकसबद्दल मात्र नीट लिहायचंय, कारण जीआर घेण्याचं खरं कारण माझ्यासाठी तेच आहे आणि बऱ्याच रिव्ह्यूत ते एका ओळीत गुंडाळलेलं असतं. नेहमीच्या कॅमेऱ्यात काय होतं, बटण अर्धं दाबायचं, कॅमेरा फोकस शोधतो, चौकोन हिरवा होतो, मग पूर्ण दाबायचं. तेवढ्यात समोरचं मूल पळून गेलेलं असतं. जीआरमध्ये तुम्ही आधीच एक अंतर ठरवून ठेवता, समजा २ मीटर किंवा २.५ मीटर, आणि बटण अर्धं न दाबता एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस न शोधता थेट त्या अंतरावर फोटो घेतो. शोधाशोध नाही. आणि हे चालतं कसं, तर लेन्स फक्त १८.३ मिलिमीटरची असल्यामुळे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे जेवढं अंतर शार्प दिसतं ते, भरपूर मिळते. एफ ८ ठेवा, अंतर २.५ मीटर ठेवा, साधारण सव्वा मीटरपासून ते पार क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. म्हणजे दिवसाउजेडी रस्त्यावर चालताना फोकस हा विषयच डोक्यातून निघून जातो. अर्धं दाबलं तर नेहमीसारखा ऑटोफोकस आहेच, त्यामुळे काहीच गमावत नाही. चालत्या गाडीच्या दारातून, गर्दीतून सरकताना, कुणीतरी एकदम हसलं तेव्हा, असे फोटो मला याच एका सोयीमुळे मिळालेत. जपानचे फोटोग्राफर दायदो मोरियामा वर्षानुवर्षं रस्त्यावर असे छोटे रिको जीआरच घेऊन फिरत आलेत, आणि कॅमेरा वापरला की त्यामागचं कारण आपोआप समजतं.

सगळं एका हाताने होतं हेही सांगायला हवं. दुसऱ्या हातात बॅग, छत्री, पोराचा हात, वरचं हँडल, प्रवासात दोन्ही हात मोकळे कधी असतात? पुढचं डायल तर्जनीखाली, मागची छोटी पट्टी अंगठ्याखाली, ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा) आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो थोडा उजळ किंवा गडद करणं) न बघता बदलता येतं. शटर लेन्समध्येच असल्याने आवाज जवळजवळ नसतोच, बीप बंद केला की शेजारच्यालाही कळत नाही. याच लेन्समध्ये २ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड चौथाईवर आणणारी गडद काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), पण बसवलेला आहे, कडक उन्हात शटर स्पीड खाली आणायचा असेल तर उपयोगी पडतो.

आकार लहान असण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे समोरची माणसं. मोठी लेन्स वर आली की लोक आखडतात, नाहीतर पोज देतात, नाहीतर वैतागतात. हा छोटा काळा डबा बघून कुणाला फारसं काही वाटत नाही. पण म्हणून लपूनछपून काढायचं असं अजिबात म्हणत नाहीये मी. उलट जवळ जाऊन काढावं लागतं त्यामुळे नजरानजर होते, हसणं होतं, खुणेने विचारता येतं, आणि कुणी नको म्हटलं तर नकोच. मोठ्या बॅगा आत नेऊ न देणारी म्युझियमं, ट्रायपॉडला बंदी असलेल्या जागा, तिथेही हा खिशातून सहज आत जातो. अंधाऱ्या जागी आतलं शेक रिडक्शन (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) कामाला येतं, सेन्सर ३ ॲक्सिसवर हलतो आणि कंपनी ४ स्टॉपचा फायदा सांगते. भिंतीला टेकून, श्वास रोखून १/८ सेकंदालाही चांगले फोटो येतात, अर्थात समोरचं काही हलत नसेल तर.

कमतरता. त्या आहेत आणि काही चांगल्याच मोठ्या आहेत.

बॅटरी. कंपनीचाच आकडा साधारण २०० फोटोंचा आहे. दिवसभर भटकायचं असेल तर ते पुरत नाही, एक जादा बॅटरी, शक्यतो दोन, घ्याच. बॅटऱ्या लहान आहेत, खिशात वजन जाणवत नाही. यूएसबी-सी वर कॅमेऱ्यातच चार्ज होते म्हणजे फोनची पॉवर बँक चालते, जेवायला थांबलात की लावून टाकायची सवय लावा.

दुसरं, वेदर सीलिंग नाही. पाऊस, समुद्राचे तुषार, वाळू, यातलं काहीही याला चालत नाही. चालू करताना लेन्स बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि खिशातली धूळ त्या वाटेने आत जाऊन सेन्सरवर बसू शकते, लेन्स काढता येत नाही म्हणजे घरी साफ करायची सोयही नाही. त्यामुळे खिशात सुटा टाकू नका, पातळ कापडी पिशवीत ठेवा आणि ती पिशवी मधूनमधून झटकून धुऊन घ्या. मुसळधार पावसाच्या दिवसात फिरायचं असेल तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही, वॉटरप्रूफ फोन त्यापेक्षा शंभर पटीने बरा.

व्ह्यूफाइंडर नाही. मागचा स्क्रीन ३ इंचाचा, टचस्क्रीन चांगला आहे पण बाहेर काढून वाकवता येत नाही, आणि भर दुपारी त्यावर नीट दिसत नाही. मी ब्राइटनेस वाढवते, हाताची सावली करते आणि बाकी अंदाजावर, २८ ची सवय झालेली असल्यामुळे चालून जातं. ज्यांना डोळ्याला कॅमेरा लावल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना हे खटकणार, नक्की खटकणार. फ्लॅशही नाही, आधीच्या जीआर टू मध्ये होता, आकार आणखी लहान करताना तो गेला. व्हिडिओ फुल एचडी पर्यंतच आणि तोही कामचलाऊ, व्हिडिओ हवा असेल तर इथे पैसे घालू नका, फोन कितीतरी पुढे आहे. आणि कमी उजेडात ऑटोफोकस मागेपुढे करत बसतो, तेव्हा मी सरळ स्नॅपवर जाते.

आता दुसरे पर्याय, थोडक्यात, कारण घेताना सगळे यांच्यातच अडकतात. फुजीफिल्म एक्स१००व्हीआय सुंदर आहे, ४० मेगापिक्सेल, एफ २ ची लेन्स, व्ह्यूफाइंडर, पण वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे याच्या दुप्पट, आणि पँटच्या खिशात तो जात नाही, गळ्यातच घालावा लागतो. गळ्यात घालणार असाल तर जरूर घ्या. सोनी आरएक्स१०० सेव्हन मध्ये २४ ते २०० चा झूम आहे आणि तरी तो ३०२ ग्रॅमचाच, पक्षी, लांबचे कळस, स्टेजवरचा कार्यक्रम असं काही काढायचं असेल तर तो बरोबर, फक्त सेन्सर १ इंच प्रकारचा आहे, क्षेत्रफळात एपीएस-सी च्या साधारण एक तृतीयांश, तो फरक अंधारात दिसतो. आणि घरातलाच पर्याय म्हणजे जीआर थ्री एक्स, २०२१ चा, बाकी जवळपास सगळं हेच पण लेन्स ४० मिलिमीटरची. ज्यांचे बहुतेक फोटो माणसांचे असतात, किंवा फोनवर वाइड फ्रेम काढून काढून कंटाळा आलाय, त्यांनी थ्री एक्स आधी हातात घेऊन बघा. फक्त ४० वर स्नॅप फोकसची चूक जास्त दिसते कारण डेप्थ कमी मिळते, म्हणून रस्त्यावरच्या धावत्या फोटोंना मला २८ च आवडतो. जीआर फोर मध्ये ५ ॲक्सिसचं स्टॅबिलायझेशन आणि ५३ जीबीची अंतर्गत मेमरी आलीय, थ्री मध्ये ती फक्त २ जीबी आहे, कार्ड घरी राहिलं तर वेळ मारून न्यायला पुरते.

रंगांचं एक राहिलं. आत इमेज कंट्रोल नावाचे प्रीसेट आहेत, त्यातला पॉझिटिव्ह फिल्म सकाळ-संध्याकाळच्या उन्हात फार छान दिसतो आणि हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट ढगाळ दिवसांना जीव आणतो. मी रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपीईजी दोन्ही ठेवते. रॉ डीएनजी फॉरमॅटमध्ये येते, कुठल्याही सॉफ्टवेअरला चालते, आणि कॅमेऱ्यातच तिचं दुसऱ्या रंगात जेपीईजी बनवता येतं, लांबच्या बस प्रवासात माझं हेच चालू असतं. फोनसारखे पाच-सहा फोटो जोडून आकाश वाचवणं इथे होत नाही, एकच एक्सपोजर असतं, म्हणून मीटरिंग (कॅमेरा उजेड मोजतो ती पद्धत) हायलाइट वेटेड वर, म्हणजे सगळ्यात उजळ भाग जपणाऱ्या पर्यायावर, ठेवते, आकाश टिकतं आणि सावल्या नंतर रॉ मधून उचलता येतात, सेन्सर मोठा असल्यामुळे त्यात भरपूर माल असतो.

आणि ज्यांनी घेतलाच असेल किंवा घेणार असतील त्यांच्यासाठी, डायलवर यू१, यू२, यू३ अशा आपल्या सेटिंग साठवायच्या तीन जागा आहेत, त्या रिकाम्या ठेवू नका. माझ्याकडे यू१ वर दिवसाचा रस्ता आहे, एफ ८, स्नॅप २.५ मीटर, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत, शटर १/२५० च्या खाली जाणार नाही असं. यू२ संध्याकाळनंतरसाठी, एफ २.८, ऑटोफोकस, आयएसओ ६४०० पर्यंत. यू३ वर हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट. मनगटाचा पट्टा पहिल्याच दिवशी लावा, बॉडी गुळगुळीत आणि हलकी आहे, एका हाताने वापरताना तो लागतोच.