‘नवे’ टायर, माझ्या स्टेपनीपेक्षा म्हातारे

76,400 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण बायकोला सांगायला मला तीन आठवडे लागले आणि तेव्हाही मी चाळीस म्हणालो होतो.

गाडी 1984 ची मर्सिडीज 230ई, कंपनीच्या डब्ल्यू 123 मालिकेतली. मामांनी नैरोबीहून कायमचं परत येताना आणलेली, आता माझ्याकडे. चाक चौदा इंची, टायर 195/70 आर 14, म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या 70 टक्के. हा साइज पुण्यात मागून बघा. 185/70 मिळतो, 185/65 मिळतो, 195 म्हटलं की दुकानदार पंधरा इंची काढून दाखवतो. माझ्या नेहमीच्या टायरवाल्याने सरळ सांगितलं होतं, "काका, 185/70 टाका, नव्वद टक्के लोक तेच टाकतात." पण मला ओरिजिनलच हवा होता. मामांच्या गाडीला काहीतरी चालवून घ्यायचं, हे मनाला पटेना. (खरं कारण: जुन्या गाड्यांच्या रॅलीत लोक वाकून टायरचा साइज वाचतात.)

असल्याच एका रॅलीच्या पार्किंगमध्ये तो भेटला. मुंबईचा, पन्नाशीचा, बोलायला अत्यंत सभ्य. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "230ई ना? 91 एच लागेल." म्हणजे टायर किती भार आणि वेग पेलतो त्याचा कोड. हे ज्याला न बघता सांगता येतं त्याच्यावर माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय! जून 2020 पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, हे मला माहीत होतं. त्यामुळे "त्याआधीच्या कंटेनरमधला शेवटचा सेट, पॅकबंद" ही गोष्ट मला अगदी बरोबर वाटली. फार तर पाच-सहा वर्षं पडून असलेले टायर असतील, असा माझा हिशोब. नगाला 18,500, चारचे 74,000. यूपीआयने 20,000 आगाऊ, उरलेले 54,000 बसवताना रोख. "बिल हवं असेल तर वर 28 टक्के जीएसटी लागेल." म्हणजे 20,720 रुपये. मी म्हणालो, राहू दे. आजवर मी इतका महागडा कर वाचवलेला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हडपसरच्या पुढच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये टायर बसवले. बसवायचे आणि बॅलन्सिंगचे 2,400 वेगळे. आणि इथेच मला कळायला हवं होतं.

टायर पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते. पोराने पट्ट्या फाडल्या, पहिला टायर मशीनवर ठेवला आणि चाक आत बसवण्याआधी त्या माणसाकडे बघितलं. एकदाच, अर्धा सेकंद. मी चहाचा कप घेऊन तीन फुटांवर उभा. कुठली बाजू बाहेर ठेवायची हे तो नजरेने विचारत होता, हे आज कळतं. मी टायरवरून हात फिरवला तर तळवा काळा आणि चिकट झाला. रुमालाला पुसला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, याला एकही नव्हता. तेही दिसलं! टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे, आठवडा आणि साल, डॉट नावाच्या कोडच्या शेवटी असतात; ते बाहेरच्या बाजूला नव्हते, म्हणून मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "पूर्ण डॉट कोड एकाच बाजूला असतो साहेब, ती आत गेली." हे खरं आहे हो! तारखेसकट पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. मला फसवायला त्याने खोटं बोलायचीही तसदी घेतली नाही. पण चारही टायरची नेमकी तीच बाजू आत कशी जाते, हा प्रश्न तीस वर्षं नोकरीत हिशेब तपासणाऱ्या माणसाला पडला नाही. माझे जुने चार टायर "विल्हेवाट लावतो" म्हणून तो फुकट घेऊन गेला, तेही मीच टेम्पोत चढवायला मदत केली.

गणपतीला रत्नागिरीला निघालो, 25 ऑगस्ट. कराडपर्यंत ठीक. पाटणच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरायला लागलं, मग मागून धप-धप-धप. डावीकडच्या मागच्या टायरचा पट्टा सुटून लोंबत होता. कुंभार्ली घाट अजून पुढे होता, त्याचा विचार आजही करवत नाही.

पंक्चरवाल्याने चाक काढून आडवं टाकलं, मोबाइलची बॅटरी मारली आणि मला वाकायला लावलं. 3411. म्हणजे 2011 सालचा चौतिसावा आठवडा. "सायेब, ह्यो नवा न्हाई. गरम पात्यानं खाचा पाडल्यात बगा." त्याने खाचेत नख घातलं. झीज दाखवणारा जो उंचवटा खाचेच्या तळाशी असतो, तोही कापून गेला होता, आणि एका ठिकाणी खालची तार चमकत होती. बाकीच्यांत एक 3411, एक 0912, चौथ्याचा आकडा घासून काढलेला. माझी स्टेपनी, जी जुनी झाली म्हणून मी बदलायच्या विचारात होतो, ती 1418. ती लावायचे त्याने शंभर घेतले. या सगळ्या प्रकरणात मला वाजवी वाटलेला एकमेव आकडा.

तर, टायर चाकावर चढायच्या आधी चारही आकडे स्वतः वाचा, आणि फोटो काढा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा, पळा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांनंतर खाच कितीही खोल असली तरी टायर बदला म्हणतात. आयएस 15633 (कारच्या टायरचं भारतीय मानक) आणि आयएसआयचा शिक्का बघा, माझ्या टायरवर नव्हता. आणि बिल घ्या, बिल घ्या, बिल घ्या.

कारण बिलाशिवाय मी चौकीत गेलो. "माणूस मुंबईचा ना? मग तिकडे द्या तक्रार." मुंबईत म्हणाले, टायर पुण्यात बसवले, तिकडे जा. परत पुण्यात आलो तर साहेब बंदोबस्ताला, विसर्जन झाल्यावर या. विसर्जनानंतर गेलो तर साहेब बदललेले. नव्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी एकेचाळीस वर्षांची? मग स्क्रॅप का करत नाही?" शेवटी म्हणाले, हा दिवाणी मामला. बँकेत गेलो, तर पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, आम्ही काय करणार. यूपीआयवर नाव तिसऱ्याच बाईचं. एका हेल्पलाइनने दिलेला तक्रार क्रमांक आठ दिवसांत ‘निकाली’ निघाला, काय निकाल लागला ते माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक असावं. आरटीओतल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, नियमात खाच 1.6 मिलिमीटर हवी, तुमची तर पाच आहे!

मधल्या काळात 22 सप्टेंबर 2025 ला टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. असो.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हे मला कुठल्याही खिडकीवर कोणी सांगितलं नाही. गाडीला आता 185/70 आर 14 आहेत, भार निर्देशांक 88, म्हणजे टायरमागे 560 किलो, एवढं तपासून. पक्क्या बिलासह चारचे 20,800. व्यास चौदा मिलिमीटरने कमी, त्यामुळे वेगाचा मीटर किंचित जास्त दाखवतो. रॅलीत कोणी वाकून बघितलं तर बघू दे.

ते चार टायर पुरावा म्हणून पार्किंगमध्ये ठेवले होते. गेल्या आठवड्यात डासांच्या अळ्या शोधणारी दोन माणसं सोसायटीत आली. त्यांनी टायरात टॉर्च मारली, साचलेलं पाणी बघितलं आणि जागेवर माझ्या नावाने नोटीस फाडली: "जुने टायर, 4 नग." एवढ्या महिन्यांत सही-शिक्क्यानिशी हे लिहून देणारे तेच पहिले. नोटिशीची प्रत मी तक्रारीला जोडली आहे.