अंथरुणाला खिळलेली आई : नाशिक, सुरत की मडगाव?

आईला पक्षाघात झाला आणि आम्हा तिघा भावंडांपुढे एकच प्रश्न उरला, तिला ठेवायचं कुठे? मी नाशिकला इंदिरानगरात, दादा सुरतला, ताई मडगावला. ‘तिकडे सरकार जास्त देतं’ असं जो तो सांगत होता, म्हणून मी आकडे शेजारी मांडून पाहिले. तुमच्याही घरी हाच विचार चालू असेल, तर ते उपयोगी पडतील.

आधी ‘नर्सिंग होम’ या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल. महिनोन्महिने भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं यासाठी लागतं ते शुश्रूषा केंद्र, आणि त्याचं बिल मध्यमवर्गीय घराला स्वतःच भरावं लागतं.

महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. वय ६५ हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. २१,००० म्हणजे महिन्याला १७५०! मोलमजुरी करणारं घरसुद्धा या अटीत बसत नाही, आणि मला ही गोष्ट फार लागते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वॉकर, कमोड खुर्चीसारख्या साधनांसाठी ३००० रुपये मिळतात, पण एकदाच. तिथे उत्पन्नाची मर्यादा २ लाख आहे, म्हणून निदान अर्ज तरी करता येतो.

गुजरातमध्ये गरीब वृद्धांना १००० आणि ऐंशीनंतर १२५० रुपये, म्हणजे आपल्यापेक्षा कमीच. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २००० आहेत, पण तिथेही १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. आईला आज मडगावला नेलं, तर गोव्याचे मिळणार नाहीत आणि इथला हक्कही अडचणीत येईल.

खरा फरक दिसतो तो दक्षिणेत. आंध्र प्रदेशात २०२४ पासून वृद्धांना ४००० मिळतात आणि पक्षाघाताने पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांना १५,०००. केरळमध्ये रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला आश्वासकिरणम् योजनेतून महिन्याला ६०० रुपये देतात. रक्कम लहान आहे, पण रात्री तीनदा उठणारी सूनही काम करते आहे, हे तिथल्या सरकारने मान्य केलं. आपल्याकडे ते अजून व्हायचं आहे.

सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड उत्पन्न न पाहता मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र ते हॉस्पिटलात भरती होण्यासाठी आहे, घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या मावशींच्या पगारासाठी नाही.

नोकरदारांनी एक काम लगेच करावं : सिव्हिलमधून आईवडिलांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्यावं. जुन्या करप्रणालीत अवलंबित दिव्यांगासाठी ७५,००० आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा जास्त असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

पेन्शनच्या आकड्यांवरून गाव बदलण्यात अर्थ नव्हता. मग आम्ही एवढंच पाहिलं, दिवसा घरात कोण असतं? दादा-वहिनी दोघं नोकरीवर, ताई बँकेत. माझं काम घरूनच चालतं. आई इंदिरानगरलाच राहिली, आणि दर एक तारखेला सुरत आणि मडगावहून मावशींच्या पगाराचा वाटा येतो.